अठरा गावांची पहिली अक्षरे

आमच्या गावातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पूर्वी एका साप्ताहिकात किनाऱ्यावरच्या गावांविषयी लिहीत असत. अलिबागेपासून शिरोड्यापर्यंत, एकेका गावावर एकेक, असे त्यांचे 18 लेख प्रसिद्ध झाले होते. शीर्षक काहीही असो, मजकुराचा पहिला शब्द म्हणजे त्या गावाचे नाव, हा त्यांचा नेम होता. होडी आधी बंदराला लागावी आणि मग माणसांनी उतरून गावात शिरावे, तसे ते लेखात शिरत. गुरुजी गेले, आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची कन्या ते लेख पुस्तकरूपाने काढायचे म्हणून माझ्याकडे आली. मी देवगड तालुक्यात घरीच पुस्तकांची आणि स्मरणिकांची पृष्ठमांडणी करते. तिचे मागणे एकच होते, की प्रत्येक लेखाचे पहिले अक्षर तीन ओळी व्यापणारे, मोठे घ्यावे, कारण साप्ताहिकात ते तसे छापले जाई आणि गुरुजींना ते फार आवडे.

मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये याला ड्रॉप कॅप म्हणतात. परिच्छेदाच्या शैलीत दोन आकडे भरायचे असतात: अक्षर किती ओळी खाली उतरावे आणि सुरुवातीची किती अक्षरे मोठी व्हावीत. मी 3 आणि 1 हे आकडे भरले, शैली अठराही लेखांना लावली आणि पाने पाहू लागले. अलिबाग बरोबर होते. हर्णै, जयगड आणि रत्नागिरीही बरोबर होती. बाकीच्या चौदा गावांची नावे मोडली होती.

दाभोळमधला ‘द’ मोठा झाला होता आणि त्याचा काना ठिपक्यांच्या एका वर्तुळाला टेकून बारीक अक्षरांत राहिला होता. मालवणची गतही तीच. विजयदुर्गातला ‘व’ एकटा उभा होता आणि त्याची वेलांटी पुढच्या ‘ज’च्या आधी तशाच ठिपक्यांच्या वर्तुळावर बसली होती. सगळ्यांत वाईट अवस्था श्रीवर्धनची होती. पेशव्यांच्या मूळ गावाचे नाव ‘श’ या एकट्या मोठ्या अक्षराने सुरू होत होते आणि त्याचा उरलेला भाग, पाय मोडल्याची खूण, ‘र’ आणि वेलांटी, शेजारी विखुरलेला होता. ते ठिपक्यांचे वर्तुळ हे एक चिन्हच आहे. काना, मात्रा किंवा वेलांटीला टेकायला व्यंजन सापडले नाही, की संगणक त्या रिकाम्या जागी ते वर्तुळ ठेवतो. तेव्हा ते दिसले की समजावे, कोणीतरी अक्षराच्या मधोमध सुरी चालवली आहे.

अशा वेळी सर्वांत आधी परिच्छेदाची जुळणी कोणत्या यंत्रणेकडे सोपवली आहे ते पाहावे लागते. मी वापरते त्या इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा कंपोझर निवडावा लागतो. तो निवडलेला नसेल तर जोडाक्षरे जुळतच नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन पडते. माझ्या फाइलमध्ये तो निवडलेला होता, कारण आतला सगळा मजकूर नीट वाचता येत होता. म्हणजे दोष दुसऱ्या आकड्यात, मी भरलेल्या त्या 1 मध्ये होता.

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. खिळे गेले, ऑफसेट आले, तेव्हा ते गावी परतले. पडवीत माझ्या शेजारी खुर्ची टाकून ते पडद्याकडे पाहत होते. श्रीवर्धनचे पान आले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अक्षर तोडू नको गो.” त्यांच्या कामाच्या काळात ‘श्री’ हा एक खिळा होता. तो केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, त्याच्या खणातून उचलायचा आणि ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये ठेवायचा. त्याचा ‘श’ वेगळा काढून मोठा करण्याची कल्पना कोणाच्या मनात येणेच शक्य नव्हते, कारण धातूचा तो तुकडा करवतीशिवाय वेगळा झालाच नसता.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सामायिक संकेतात, ‘श्री’ एक नाही. तो चार खुणांची रांग आहे: श, पाय मोडण्याची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. ‘वि’ दोन खुणांचा आहे आणि त्यातही व आधी साठवला जातो, वेलांटी नंतर, जरी डोळ्यांना ती आधी दिसते. ‘वें’ तीन खुणांचा आहे. सॉफ्टवेअर ज्याला एक अक्षर म्हणत होते ती यांतली एक खूण होती, आणि आपण मराठी माणसे ज्याला अक्षर म्हणतो ते म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा सबंध गट. लिपीच्या तज्ज्ञांनाही ही गोष्ट नियमात बसवायला बराच काळ लागला. मजकुराचे अविभाज्य तुकडे कसे पाडावेत, याचे युनिकोडचे जे सर्वसाधारण नियम आहेत, त्यांत ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे दोन तुकडे होत असत. देवनागरीसारख्या लिप्यांतले जोडाक्षर एकत्र ठेवणारा नियम त्यांत आला तो सप्टेंबर 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत. बाबांच्या हाताला जे ठाऊक होते ते यंत्राच्या नियमपुस्तकात शिरायला तेवढा काळ जावा, याचा मला राग येत नाही. मात्र त्या नियमपुस्तकाच्या वेळापत्रकानुसार गुरुजींचे श्रीवर्धन तुटावे, हे मला मान्य नव्हते.

उपाय सोपा आहे, पण हाताने करण्याचा आहे. मी मूळ शैलीवर आधारलेल्या चार शैली केल्या. अ, ह, ज, र यांच्यासाठी 1. मु, के, आं, दा, गु, हे, पू, वि, दे, कु, मा, शि यांच्यासाठी 2. वेंगुर्ल्यासाठी 3 आणि श्रीवर्धनसाठी 4. लेखाचा आरंभ अवतरणचिन्हाने होत असेल तर ते चिन्हही मोजावे लागते. हे आकडे प्रत्येक परिच्छेदात सुटेसुटे भरू नयेत. शैलीतच ठेवावेत, म्हणजे पुढे ओळींतले अंतर बदलले तर अठरा ठिकाणी शोधत फिरावे लागत नाही.

एवढे झाल्यावर गावांची नावे सांधली गेली, परंतु पाच लेखांत मोठ्या अक्षराशेजारच्या ओळी विचित्र ठिकाणी तुटत होत्या. दोन ओळी अर्ध्यावर संपत, मध्येच मोठी मोकळी जागा येई. दोन संध्याकाळी मी समासांच्या आणि शब्दांतल्या अंतरांच्या आकड्यांत हे शोधत होते. शेवटी अदृश्य खुणा दाखवण्याची सोय चालू केली आणि कारण समोर आले. हे पाच लेख जुन्या सीडीवरच्या पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींतून घेतलेले होते. बाकीचे कात्रणांवरून नव्याने टाइप केले होते. पेजमेकरमध्ये ड्रॉप कॅप करणारे एक छोटे जोडसाधन होते. ते पहिले अक्षर मोठे करून खाली ओढत असे आणि शेजारच्या ओळींना जागा करून देण्यासाठी मजकुरातच टॅब आणि सक्तीचे ओळतोड घालत असे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 सालची. त्यानंतर त्या मजकुराचा फॉन्ट बदलला, तो जुन्या सांकेतिक फॉन्टमधून युनिकोडमध्ये आला, त्याची कितीदा तरी नक्कल झाली, पण कोणा ऑपरेटरने एका बुधवारी रात्री अंक वेळेत जावा म्हणून लावलेले ते टॅब जागच्या जागी होते. मी ते पुसले. जुन्या फाइलीतून आलेल्या मजकुराचे पहिले चार इंच नेहमी अदृश्य खुणांसह पाहावेत, असे मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते.

आता अक्षरे सबंध होती, ओळी सरळ होत्या, तरीही पान पाहताना काहीतरी खुपत होते. बाबांनी प्रिंटवर पट्टी ठेवली आणि ते काय आहे ते दाखवले. मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपेक्षा खाली होती.

रोमन अक्षर जमिनीवर उभे असते. त्याच्या पायाखालची आधाररेषा पक्की, आणि त्याचे डोके किती उंच जाते ते मोठ्या लिपीतल्या अक्षरांच्या उंचीवरून ठरते. ड्रॉप कॅपचे गणित त्याच उंचीवर बेतलेले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ही रीत तिकडच्या हस्तलिखितांतून आली. 1457 साली माइन्झ येथे छापल्या गेलेल्या स्तोत्रसंग्रहात दोन रंगांतली मोठी आद्याक्षरे छापलेली आहेत. आपल्या पोथ्यांत पहिले अक्षर फुगवण्यापेक्षा आरंभी ॥ श्री गणेशाय नमः ॥ लिहिण्याची चाल होती. देवनागरी अक्षर वरून टांगलेले असते. पडवीतल्या दांडीवर धुणे वाळत घालावे तसे. दांडी एका रेषेत, आणि खाली प्रत्येक कपडा आपापल्या लांबीने लोंबतो. आमच्या घरापासून जवळच पोंभुर्ले आहे, बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एक लिपी उभी आणि दुसरी टांगलेली, अशा दोघींना एकाच पानावर नांदवण्याचे काम तेव्हाच्या जुळाऱ्यांनी केले होते, हे मला या पट्टीकडे पाहताना पहिल्यांदा जाणवले.

मी हिशेब मांडला. मजकूर 12 पॉइंटांचा (72 पॉइंट म्हणजे एक इंच), एका आधाररेषेपासून दुसरीपर्यंतचे अंतर 18 पॉइंट. मी वापरत असलेल्या फॉन्टमध्ये शिरोरेषेची वरची कड आधाररेषेपासून 0.6 एम उंचीवर आहे (इथे एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतके माप), तर त्याच फॉन्टमधल्या रोमन मोठ्या लिपीची उंची 0.7 एम. पहिल्या ओळीच्या रोमन उंचीपासून तिसऱ्या ओळीच्या आधाररेषेपर्यंतचे अंतर 36 अधिक 8.4, म्हणजे 44.4 पॉइंट, ते गाठण्यासाठी सॉफ्टवेअरने अक्षर सुमारे 63.4 पॉइंटांचे केले. रोमन ‘K’ किंवा ‘M’ या आकारात अचूक बसला असता. आपल्या अक्षराची शिरोरेषा मात्र त्या आकारात तिसऱ्या आधाररेषेपासून 38 पॉइंटांवरच येते, आणि पहिल्या ओळीची शिरोरेषा 36 अधिक 7.2, म्हणजे 43.2 पॉइंटांवर असते. पाच पॉइंटांचा हा फरक बाबांनी पट्टीने दाखवला होता. 43.2 ला 0.6 ने भागले, तेव्हा हवा तो आकार मिळाला: 72 पॉइंट. मी वर्णशैलीत, म्हणजे फक्त त्या मोठ्या अक्षराला लागणाऱ्या शैलीत, आकाराचे प्रमाण 113.5 टक्के केले आणि दोन शिरोरेषा एका पातळीवर आल्या. “सहा एम,” बाबा म्हणाले. त्यांच्या हिशेबात 12 पॉइंटांचा एक एम, आणि सहा एमांचा एक इंच.

हे आकडे माझ्या फॉन्टचे आहेत. दुसऱ्या फॉन्टमध्ये ते वेगळे येतील आणि प्रत्येकाने आपल्या फॉन्टसाठी ते मोजूनच घ्यावेत. आकार सहापट झाला की शिरोरेषेची जाडीही सहापट होते, म्हणून मोठ्या अक्षरासाठी मी त्याच फॉन्टचे एक हलके वजन, म्हणजे बारीक रेषांचे रूप, निवडले, नाहीतर पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला तुळई टेकवल्यासारखे दिसत होते.

शिरोरेषेच्या वरचा भाग निराळाच प्रश्न घेऊन आला. अठरांपैकी आठ नावांच्या पहिल्या अक्षरावर काही ना काही आहे: श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, हेदवी, विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ले, शिरोडा. 72 पॉइंटांना वेलांटीची उंची 21.6 पॉइंट होते, आणि ती थेट शीर्षकाच्या पोटात शिरते. अक्षर खाली सरकवले तर शिरोरेषा पुन्हा बिघडते. तेव्हा शीर्षक आणि मजकूर यांच्यामध्ये एक पूर्ण ओळ, 18 पॉइंट, जास्त सोडली. ती या आठ लेखांपुरती ठेवली असती तर अर्धी पाने एका उंचीवर आणि अर्धी दुसऱ्या उंचीवर सुरू झाली असती. म्हणून अठराही लेखांत सोडली. अलिबागच्या डोक्यावर आता गरजेपेक्षा जास्त मोकळे आकाश आहे, पण ते मला चालते.

उकारांनी माझी खरी परीक्षा घेतली. मुरुड, गुहागर, पूर्णगड आणि कुणकेश्वर. मोठ्या ‘गु’चा उकार तिसऱ्या ओळीच्या खाली उतरून चौथ्या ओळीतल्या शब्दांवर चढत होता. खाली लोंबणाऱ्या अक्षरांसाठी आकार लहान करण्याची एक सोय असते. ती वापरली तर ‘गु’ तीन ओळींत मावतो, पण मग चार गावे बाकीच्या चौदांपेक्षा ठेंगणी दिसतात. छापखान्यातून एक सूचना आली, की लेखाचा पहिला शब्दच बदलावा. “आमच्या गुहागरला” असे केले की अडचण उरत नाही. गुरुजींच्या कन्येनेही, मला त्रास नको म्हणून, “करा तसं, बाबांनी हरकत घेतली नसती,” असे सांगितले. मला ते जमले नाही. ज्या माणसाने अठरा वेळा गावाचे नाव पहिले लिहिले, त्याने ते मुद्दाम लिहिले होते. मरणानंतर त्याच्या वाक्याला माझ्या सोयीचा शब्द जोडायचा, आणि तोही एका उकाराच्या जागेसाठी, हे मांडणी करणाऱ्याचे काम नव्हे.

या चार लेखांसाठी मी तीनऐवजी चार ओळींची जागा सोडली, अक्षर मात्र 72 पॉइंटांचेच ठेवून आधाररेषा 18 पॉइंट वर उचलली. शिरोरेषा पहिल्या ओळीला लागली, ‘ग’चा काना तिसऱ्या ओळीच्या आधाररेषेवर टेकला आणि उकार चौथ्या ओळीच्या जागेत उतरला. या फॉन्टमध्ये उकाराची खोली पाव एम आहे. 72 पॉइंटांना ती बरोबर 18 पॉइंट भरते, म्हणजे उकाराचा तळ नेमका चौथ्या ओळीच्या आधाररेषेवर आला. हे पान जुळले तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस होता, वीज जाऊन येऊन होती, आणि तरी मी बराच वेळ ते पान नुसते पाहत बसले होते.

शिरोड्याच्या पानाने एक बारीक चूक दाखवली. मजकुरातला ‘श’ आपला मराठी देठयुक्त होता, पण मोठ्या अक्षरातला ‘श’ हिंदी वळणाचा. राज्य शासनाने 2009 साली मराठी वर्णमाला निश्चित केली तेव्हा देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ हीच मराठीची रूपे मानली. अनेक युनिकोड फॉन्टांमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून कोणते दाखवायचे ते ठरते. मोठ्या अक्षराच्या वर्णशैलीत मी भाषा नोंदवली नव्हती. ती मराठी केली आणि शिरोड्याचा ‘श’ मराठी झाला. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झालेल्या गावाचे नाव त्याच्या स्वतःच्या भाषेच्या वळणात छापले जावे, एवढी काळजी घ्यायलाच हवी होती.

एक गोष्ट मला पूर्णपणे साधली नाही. ‘मालवण’ लिहिताना शिरोरेषा एकसंध धावते; ‘मा’ मोठा झाला की ती ‘मा’ आणि ‘लवण’ यांच्यात तुटते. पहिल्या ओळीत ती जवळजवळ जुळावी आणि खालच्या दोन ओळींत मात्र अक्षरापासून थोडे अंतर राहावे, असे मला हवे होते. सॉफ्टवेअर तिन्ही ओळींना एकच अंतर देते. मी ते शक्य तितके कमी करून दीड पॉइंटावर आणले. मोठे अक्षर वेगळ्या चौकटीत ठेवून मजकूर तिच्याभोवती वळवला तर हे साधते, पण मग ‘मा’ मजकुराबाहेर जातो. शोध घेताना ‘मालवण’ सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला यंत्र ‘लवण’ वाचून दाखवते. त्यापेक्षा दीड पॉइंटांची फट पत्करली.

मागच्या आठवड्यात कणकवलीहून प्रुफे आली. बाबा चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून एकेक पान पाहत होते. प्रत्येक पानावर त्यांचे बोट मोठ्या अक्षराच्या शिरोरेषेवरून निघून पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत जाई आणि मग ते पान उलटत. सतराव्या लेखावर बोट थांबले. वेंगुर्ल्याच्या मात्रेशेजारचा अनुस्वार बाकीच्या वेलांट्यांपेक्षा किंचित उंच होता आणि शीर्षकातल्या एका उकाराला जवळपास चिकटत होता. पडद्यावर मला तो दिसला नव्हता. मी त्या एका पानाचे शीर्षक दोन पॉइंट वर घेतले आणि फाइल पुन्हा पाठवली.